शॅम्पेनचा पेला : एका घाटाचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत जुन्या वस्तूंचे एक लहानसे प्रदर्शन भरविले होते. गावातील एका जुन्या सरदार घराण्याने वाड्यातील फडताळ मोकळे करून त्यातील काही जिनसा शाळेस दिल्या. त्यांत पितळी समया होत्या, पानदान होते आणि काचेचे पाच पेले होते. पेल्यांपैकी तीन बशीसारखे पसरट व उंच देठावर बसविलेले. उरलेले दोन सडपातळ आणि उभट. आठवीच्या मुलांनी पसरट पेल्यांपुढे सुबक अक्षरांत चिठ्ठी लावली, 'आइस्क्रीमचे पेले'. मुलांना दोष देता येत नाही. आपल्या घरांतून या घाटाच्या पेल्यांत आइस्क्रीम, नाहीतर फ्रूट सॅलडच वाढले जाते.

पाहुणे म्हणून आलेल्या एका व्यासंगी गृहस्थांनी ती चिठ्ठी वाचून स्मित केले. मला बाजूस घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "हेडमास्तर, हे शॅम्पेनचे पेले. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या वक्षाचा साचा घेऊन हा घाट घडविला, हे आपणांस ठाऊक नसेल!" ते मला ठाऊक नव्हते हे खरे, परंतु पुढे काही महिने वाचन केल्यावर माझी अशी खात्री झाली की, ते कोणासच ठाऊक असणे शक्य नाही, कारण ते घडलेलेच नाही. इतिहासाच्या शिक्षकाला अशी कथा सोडून देता येत नाही. म्हणून हा लेख. प्रस्तुत लेखकाने शॅम्पेन कधी चाखलेली नाही आणि चाखण्याची इच्छाही नाही. तेव्हा चवीविषयी येथे जे येईल ते ऐकीव आणि वाचीव समजावे. पेल्यांविषयी मात्र तसे म्हणावयाचे कारण नाही. ते माझ्या कचेरीतील कपाटातच आहेत.

पेल्याचा इतिहास सांगावयाचा तर आरंभ बाटलीपासून करावा लागतो. शॅम्पेन हा पॅरिसच्या पूर्वेकडील थंड हवेचा प्रदेश. तेथील द्राक्षे शरद ऋतूत तोडली जात, रस आंबू लागे, आणि आंबण्याची क्रिया पुरी होण्यापूर्वीच हिवाळा येऊन ती थांबे. वसंतात ऊब आली की निजलेले किण्व पुन्हा जागे होई आणि मद्यात वायू उत्पन्न होऊ लागे. मद्य लाकडी पिंपात असेल तर हा वायू निसटून जाई. बाटलीत बंद केलेले असेल तर तो मद्यातच कोंडला जाई, आणि बूच काढताच फसफसून वर येई. तेथील मद्यकारांच्या लेखी हा दोष होता. ओव्हिलेर येथील मठाचा कोठावळा डॉम पेरिन्यों (१६३८-१७१५) याला शॅम्पेनचा जनक म्हणण्याची पद्धत आहे; वास्तविक बुडबुडे टाळावेत कसे, हीच त्याची चिंता होती. पहिला घोट घेताना त्याला ताऱ्यांचा आस्वाद आठवला, ही गोष्ट पुढे जाहिरातदारांनी लोकप्रिय केली. या विषयात दंतकथांचे पीक किती भरघोस आहे याची ही पहिली खूण.

बुडबुड्यांची गोडी प्रथम लागली ती इंग्रजांना, आणि तिचे कारण काचेत आहे. जहाजबांधणीसाठी लाकूड राखावे म्हणून पहिल्या जेम्स राजाने १६१५ साली काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी केली. नाइलाजाने भट्ट्या दगडी कोळशावर आल्या. कोळशाची आच अधिक, म्हणून काच अधिक चिवट आणि बाटली अधिक जाड. फ्रान्समधून पिंपांतून आलेले मद्य इंग्रज व्यापारी अशा दणकट बाटल्यांत भरीत, आणि त्या बाटल्या वायूचा दाब सोशीत. ख्रिस्तोफर मेरेट याने १७ डिसेंबर १६६२ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात, मद्याला तजेला व फेस यावा म्हणून त्यात साखर व काकवी घालण्याची रीत नोंदली आहे. त्या वेळी पेरिन्यों ओव्हिलेरच्या तळघराचा कारभारीही झालेला नव्हता. ते काम त्याच्याकडे १६६८ मध्ये आले. आरमारासाठी राखलेल्या ओक वृक्षांनी शॅम्पेनला जन्म दिला असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार नव्हे.

फ्रान्समध्ये मद्य बाटल्यांतून दूरवर नेण्यास राजाज्ञेने १७२८ साली मोकळीक मिळाली. रँस येथील रुइनार ही पेढी पुढच्याच वर्षी स्थापन झाली. १७३५ मध्ये दुसरी आज्ञा निघाली आणि बाटलीचे वजन व बूच बांधावयाची दोरी हीसुद्धा सरकारने ठरवून दिली. त्याच १७३५ साली झां फ्रांस्वा द त्र्वा या चित्रकाराने पंधराव्या लुईच्या व्हर्साय येथील खाजगी भोजनगृहासाठी एक चित्र काढले. ते आज शांतियी येथील संग्रहालयात आहे. काही उमराव कालवांची न्याहारी करीत बसले आहेत. शिंपल्यांची टरफले जमिनीवर विखुरली आहेत. एकाने बाटलीची दोरी तोडली आहे आणि बूच हवेत उडाले आहे. दोघेतिघे माना वर करून त्या उडत्या बुचाकडे पाहत आहेत. शॅम्पेनचे हे बहुधा पहिलेच चित्र मानले जाते.

आता या चित्रातील पेले पाहावेत. ते पसरट नाहीत. देठावर बसविलेला, तळाशी निमुळता होत गेलेला लहान शंकू, असा त्यांचा घाट आहे. त्याहूनही लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे काही पेले पाण्याच्या वाडग्यांत पालथे घातलेले दिसतात. त्या काळी पेला जेवणारापुढे मांडून ठेवीत नसत. हवा असेल तेव्हा हुजऱ्याला खूण करावयाची. त्याने भरलेला पेला आणून द्यावयाचा. घेणाऱ्याने तो बहुधा एका दमात रिता करून परत करावयाचा. मग तो थंड पाण्यात खंगाळून पुन्हा भरावयाचा. हे ध्यानात घेतले की त्या शंकूचे कारण उलगडते. पेला लहान, कारण तो एका घोटाचा. निमुळता, कारण त्या काळच्या शॅम्पेनमध्ये किण्वाचा गाळ असे, तो टोकाशी बसून राही, आणि खंगाळताना निघून जाई. आपण पेल्याचा घाट पाहून मद्याचा विचार करतो. पण पेला खरोखर कोणी घडविला असेल तर तो भोजनाच्या रिवाजाने आणि हुजऱ्याच्या फेऱ्यांनी.

उभट पेला यापूर्वीही होता. सतराव्या शतकात डच प्रदेशांत हातभर उंचीचे अरुंद पेले फुंकले जात आणि त्यांच्या आकारावरून त्यांना फ्लूट, म्हणजे बासरी, असे नाव पडले होते. इंग्लंडमधील एक्झिटर येथील संग्रहालयात असा एक पेला आहे. दुसरा चार्ल्स १६६० साली गादीवर परतला त्या सुमाराचा. त्यावर राजाची छबी कोरलेली आहे. या पेल्यांचा शॅम्पेनशी काही संबंध नव्हता. शॅम्पेनने ते उसने घेतले.

घाट उसना असला तरी द्रव्य नवे होते. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या इंग्रज व्यापाऱ्याने १६७४ साली एका नव्या काचेचा हक्क मिळविला आणि लवकरच त्या काचेत शिशाचा अंश घालून तिला स्थैर्य आणले. शिशाची काच जड, मऊ, पाण्यासारखी नितळ. टिचकी मारली तर घंटेसारखी नादणारी. व्हेनिसची काच पातळ आणि नाजूक होती, तिच्यावर पैलू पाडता येत नसत. हिच्यावर पाडता येत. फुंकनळीच्या टोकावर काचेचा गोळा घेऊन त्याचे पोट फुगवावयाचे, त्याला देठ ओढावयाचा, देठाला बैठक चिकटवावयाची आणि मग सारे हळूहळू निववावयाचे, ही क्रिया जगभर एकच. १९०८ पासून तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यात आपल्या मुलांनी हीच विद्या हस्तगत केली. ओगलेवाडीच्या कंदिलाची काच आणि राजवाड्यातील पेला ही एकाच नळीची अपत्ये. एकाच्या नशिबी काजळी आली, दुसऱ्याच्या नशिबी मेजवानी.

इंग्लंडमध्ये या जड काचेवर १७४५ साली कर बसला, आणि तो मालाच्या वजनावर होता. कारागिरांनी तात्काळ काच वाचविण्यास आरंभ केला. पेल्यांची पोटे लहान झाली, देठ बारीक झाले, त्या देठांत हवेचे पीळ दिसू लागले. पुढे पन्नास-पाऊणशे वर्षे जे डौलदार सडपातळ पेले आपण संग्रहालयांत पाहतो, त्यांच्या डौलात अबकारी खात्याचाही वाटा आहे. हा कर १८४५ मध्ये उठला. त्यानंतरचे व्हिक्टोरियाकालीन पेले पाहावेत. वजनाची भीती सुटलेली काच कशी फोफावते ते लगेच कळते.

आता पसरट पेल्याकडे येऊ. फ्रेंच त्याला कूप म्हणतात. आपल्याकडे कूप म्हणजे विहीर. खोली हाच तिचा धर्म. फ्रेंचांचा कूप मात्र बशीपेक्षा फार खोल नाही. या योगायोगाची मौज संस्कृतच्या शिक्षकांस अधिक वाटेल.

मारी आंत्वानेतचा जन्म १७५५ चा. तिच्या जन्मापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे, १५९७ च्या सुमारास, काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने मद्यदेव बॅकस याचे चित्र काढले. ते फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आहे. त्या तरुण देवाच्या डाव्या हातात देठावरचा पसरट, उथळ, पातळ काचेचा पेला आहे. आमच्या कपाटातील पेला त्याच्या शेजारी ठेवला तर सख्खा भाऊ शोभेल. व्हेनिसच्या कारागिरांना हा घाट पूर्ण अवगत होता, आणि त्यांच्याही आधी दोन हजार वर्षे ग्रीक कुंभार देठावरचे उथळ मद्यपात्र घडवीत होते. एवढ्यानेच राणीची कथा निकालात निघावयास हरकत नाही.

परंतु कथा आली कोठून, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो की, ऱ्होड्स बेटावरील लिंदोस येथील मंदिरात हेलनने एक पात्र अर्पण केलेले आहे आणि ते तिच्या वक्षाच्या मापाचे आहे. म्हणजे कथा राणीहून सतरा शतकांनी जुनी. तीच पुढे मादाम द पोंपादूर हिच्या नावावर सांगितली गेली, नेपोलियनच्या जोसेफिनच्या नावावरही सांगितली गेली. नाव बदलते, कथा बदलत नाही; नाणे तेच, ठसा नवा.

मारी आंत्वानेतच्या बाबतीत या कथेला एक खरा धागाही मिळाला. सोळाव्या लुईने रांबुइए येथे तिच्यासाठी एक दुग्धशाला बांधविली आणि १७८७-८८ मध्ये सेव्हरच्या सरकारी कारखान्याने तिच्यासाठी चिनी मातीची भांडी बनविली. त्यांत स्तनाच्या आकाराचे चार वाडगे होते. प्रत्येक वाडगा बकऱ्यांची तोंडे कोरलेल्या तिवईवर बसविलेला. ते दुधाचे वाडगे होते. निसर्गाकडे परत जाण्याचे वेड तेव्हा फ्रान्सच्या दरबारात शिरले होते, आणि दूध हे त्या वेडाचे प्रतीक होते. वाडग्यांना देठ नाही, काच नाही, मद्याशी संबंध नाही. शिवाय राणी मद्य घेत नसे. ती केवळ पाणी पीत असे, हे तिची सेविका मादाम कांपां हिने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. जी स्त्री पाणी पिई तिच्या देहाला मद्याचा पेला चिकटविण्यात आला.

राणीविषयी आस्था वाटावी असे तिचे चरित्र आहे, असे मी म्हणत नाही. उधळपट्टी तिने केली, आणि राज्य बुडत असताना तिला कळले फार थोडे. परंतु तिच्याविरुद्ध छापलेल्या चोपड्यांचा मुख्य विषय तिचे राजकारण नव्हता, तिचा देह होता. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी तिचा शिरच्छेद झाला, तरी चोपड्यांनी घातलेली सवय गेली नाही. भाकरी नसेल तर केक खा, हे वाक्य आजही तिच्या नावावर शिकविले जाते. वास्तविक रूसोने आपल्या आत्मचरित्रात तशी गोष्ट लिहिली तेव्हा ती व्हिएन्नात राहणारी लहान मुलगी होती. आणि ही सवय अठराव्या शतकाबरोबर संपली असेही नव्हे. एका शॅम्पेन पेढीने २००८ मध्ये एका प्रसिद्ध रूपवतीच्या वक्षाच्या घाटाचे पात्र तयार करविले. लंडनच्या एका उपाहारगृहाने २०१४ मध्ये दुसरीच्या मापाचा पेला काढला. दोघांनाही राणीची कथा ठाऊक होती. खोटी कथा पुरेशी वर्षे टिकली की तिचे अनुकरण करून ती खरी करता येते. आमच्या पाहुण्यांना मी हे सर्व पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले, "पण कथा सुंदर आहे." यावर काय म्हणणार?

मग पसरट पेला शॅम्पेनशी जडला कसा? त्यासाठी दुसऱ्या एका स्त्रीकडे वळावे लागते. हिचे कर्तृत्व मात्र कागदोपत्री सिद्ध आहे. बार्ब निकोल पोंसार्दें (१७७७-१८६६) ही रँसच्या क्लिको घराण्याची सून. १८०५ मध्ये वैधव्य आले तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. तिने सासऱ्याच्या संमतीने पेढी स्वतः चालविली. शॅम्पेनचा मोठा रोग म्हणजे गाळ. तो काढावयास बाटली उघडावी तर वायू जाई, न काढावा तर पेल्यात गढूळपणा येई. १८१६ च्या सुमारास तिच्या तळघरात भोके पाडलेल्या फळ्यांवर बाटल्या पालथ्या लावून त्या रोज थोड्या थोड्या फिरविण्याची रीत सुरू झाली. आंत्वान म्युलर या तिच्या तळघरप्रमुखाचा या कामी मोठा हात होता. काही आठवड्यांत सारा गाळ बुचापाशी उतरे. मग बूच झटकन काढून तेवढाच गाळ उडवावयाचा आणि बाटली पुन्हा बंद करावयाची. शॅम्पेन स्वच्छ झाली. गाळ टोकाशी साठविणाऱ्या निमुळत्या पेल्याची आता सक्ती राहिली नाही.

हे काम करणाऱ्या मजुरांचाही येथे उल्लेख व्हावयास हवा. तळघरांत बाटल्या फुटत, एक फुटली की शेजारच्या फुटत, आणि त्यांच्यामधून वावरणारी माणसे तोंडाला लोखंडी जाळीचा मुखवटा बांधून हिंडत. शालों गावच्या फ्रांस्वा नावाच्या औषधविक्रेत्याने १८३६ च्या सुमारास मद्यातील साखर मोजून दाबाचा अंदाज घेण्याची रीत बसविल्यावर ही हानी कमी होऊ लागली. राजघराण्यांची नावे मिरविणाऱ्या या पेयाच्या इतिहासात एका गावठी औषधविक्रेत्याने कित्येकांचे डोळे वाचविले असतील. पण त्याच्या नावाचा पेला कोणी काढलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात भोजनाचा रिवाजही पालटला. रशियन पद्धतीने एकेक पदार्थ क्रमाने वाढण्याची चाल पश्चिम युरोपात रुळली, आणि प्रत्येक पदार्थाच्या जोडीच्या मद्यासाठी वेगळा पेला जेवणारापुढे आधीच मांडला जाऊ लागला. पेला मेजावर आला म्हणजे तो दुरून दिसणार; दिसणार म्हणजे ओळखू यावयास हवा. रांगेतील उंच-ठेंगण्या पेल्यांत पसरट पेला चटकन डोळ्यांत भरतो. बेंजामिन डिझरायली तरुण असताना, १८३२ मध्ये, एका मेजवानीत बशीसारख्या काचपात्रातून शॅम्पेन प्याल्याचे बहिणीला नवलाने कळवितो. म्हणजे लंडनमध्ये तेव्हा ही नवी टूम होती. पुढच्या दोन पिढ्यांत ती रूढी झाली.

ती रूढी होण्यास मद्याची चवही कारण झाली. त्या काळची शॅम्पेन गोड असे. किती, याचा पुरावा समुद्राने जपून ठेवला होता. फिनलंडच्या ओलांद बेटांजवळ २०१० साली एका बुडालेल्या जहाजात १८४० च्या सुमाराच्या १६८ बाटल्या सापडल्या; त्यांत विधवा क्लिकोच्या पेढीच्याही होत्या. पृथक्करण केल्यावर त्यांत दर लिटरला सुमारे १५० ग्रॅम साखर निघाली. आज 'ब्रूत' म्हणून विकल्या जाणाऱ्या शॅम्पेनमध्ये १२ ग्रॅमपेक्षा अधिक असून चालत नाही. गोड शॅम्पेन जेवणाच्या शेवटी पक्वान्नाबरोबर घेत, तीत बिस्किटे बुडवून खात. अरुंद पेल्यात बिस्किट बुडविता येत नाही. पसरट पेल्यात येते. तेव्हा आठवीच्या मुलांनी लावलेली चिठ्ठी काही अगदीच चुकीची नव्हती! या पेल्याने मूळ स्वभावाला धरूनच आपल्याकडे आइस्क्रीमची चाकरी पत्करली.

त्या काळी बुडबुडेही फारसे कोणास नको असत. ते घालविण्यासाठी टोकाशी फाटे असलेली काडी पेल्यात फिरवीत. आपण तिला लहानशी रवी म्हणू. दुसऱ्या बाजूस पोकळ देठाचे पसरट पेलेही निघाले. बुडबुड्यांची माळ देठाच्या तळापासून वर येताना दिसावी हा त्यांचा हेतू. दिसावयास ते मोठे सुरेख, परंतु देठ आतून धुवायचा कसा, याचा विचार कल्पकाने केलेला नव्हता. भांडी घासणाऱ्याला विचारून पेले बनविले असते तर ते कधीच निघाले नसते.

या थाटामाटाचे पडसाद आपल्या संस्थानांतही उमटले. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर रुळांवरून फिरून पाहुण्यांना मद्य व सिगार पोचविणारी चांदीची आगगाडी आजही पाहावयास मिळते. पेला फिरविणाऱ्या हुजऱ्याचे काम यंत्राने करावे, ही कल्पना तेथे रुळांवर आली.

शॅम्पेनची गोडी मात्र उतरत गेली. इंग्रज गिऱ्हाइकांना कमी साखरेचे मद्य हवे होते. मादाम पोमेरी या दुसऱ्या विधवेने १८७४ च्या हंगामाची जवळजवळ बिनसाखरेची शॅम्पेन त्यांच्यापुढे ठेवली आणि चव पालटली. साखर गेल्यावर लक्ष बुडबुड्यांकडे व सुगंधाकडे जाणार हे उघड होते, आणि नेमक्या या दोन गोष्टी पसरट पेल्यात टिकत नाहीत. तरीही पसरट पेला पुढे आणखी पाऊणशे वर्षे टिकला. 'कॅसाब्लांका' या १९४२ च्या चित्रपटात तोच आहे. लग्नसमारंभांत पेल्यांचे मनोरे रचतात तेही याच पेल्यांचे, कारण दुसरे एकमेकांवर बसत नाहीत. घाट एकदा प्रतिष्ठेचे चिन्ह झाला की त्याच्या सोयीगैरसोयीचा विचार मागे पडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर उभट फ्लूट हळूहळू परत आला आणि १९८० च्या दशकापर्यंत त्याने पसरट पेल्याला मेजावरून बहुतेक हटविले. आपल्या पुणे जिल्ह्यातील नारायणगावी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फसफसते मद्य तयार होऊन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी जाऊ लागले तेही याच दशकात.

फ्लूटच्या बाजूचा युक्तिवाद आमच्या नववीच्या मुलांनाही मांडता आला. पसरट पेल्याचे तोंड साडेनऊ सेंटिमीटर, म्हणजे पृष्ठभाग सुमारे ७१ चौरस सेंटिमीटर. उभट पेल्याचे पाच, म्हणजे सुमारे २०. वायू निसटण्याची वाट साडेतीनपट रुंद. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो; मोकळा केला तर तो पाच लिटरच्या आसपास जागा व्यापील. आणि हा वायू मुख्यतः बुडबुड्यांवाटे जात नाही. बहुतांश भाग पृष्ठभागावरून, डोळ्यांस न दिसता, निघून जातो. बुडबुडे म्हणजे या प्रवासातील केवळ दिसणारी दिंडी.

रँसच्या विद्यापीठातील भौतिकीचे अध्यापक जेरार लिजे-बेलेर यांनी या एका विषयाला आपले आयुष्य वाहिले आहे. बुडबुडा काचेवरील ओरखड्यातून जन्मतो असे पूर्वी समजत. त्यांनी दाखविले की, बहुतेक बुडबुडे हवेतून किंवा पेला पुसलेल्या कापडातून आलेल्या सूक्ष्म तंतूंच्या पोकळीत जन्मतात. तंतूच्या पोटात हवेचा कण अडकलेला असतो. त्यात वायू शिरतो, तो फुगतो, सुटतो, पुन्हा फुगतो. वर पोचून फुटताना प्रत्येक बुडबुडा सुगंधी द्रव्यांनी समृद्ध असे तुषार उडवितो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये प्रसिद्ध केले. पेला तिरपा धरून बीअरप्रमाणे कडेने ओतल्यास वायू अधिक टिकतो, हे पुढच्या वर्षी. अगदी निष्कलंक पेल्यात बुडबुडे येतच नाहीत. म्हणून आता कारखानदार फ्लूटच्या तळाशी लेसर किरणांनी सूक्ष्म खड्ड्यांचे कडे कोरून देतात. शेकडो वर्षे काच निर्दोष करण्यात घालविली, आणि शेवटी तीत मोजून दोष घालण्याची वेळ आली.

फ्लूटचे राज्यही निर्वेध राहिले नाही. २०१२ मध्ये त्याच मंडळींनी दोन्ही पेल्यांच्या तोंडाशी साठणारा वायू मोजला. फ्लूटच्या अरुंद तोंडाशी तो इतका दाटतो की नाकाला झोंबतो आणि सुगंध झाकला जातो. त्यामुळे आता जाणकार मध्ये फुगीर व तोंडाशी किंचित मिटलेल्या, कळीच्या घाटाच्या पेल्याकडे वळले आहेत; काहीजण तर साधा पांढऱ्या मद्याचा पेलाच पुरे मानतात. मद्यपरीक्षेसाठी १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरविलेला पेलाही याच घाटाचा. माझा कल कोणीकडे, असे विचारण्यात अर्थ नाही. पाहावयास मला त्र्वाच्या चित्रातील शंकू आवडतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या रसायनाच्या बाईंनी एक प्रयोग केला. दोन उभट पेल्यांपैकी एक त्यांनी आम्लाने धुऊन, ऊर्ध्वपातित पाण्याने खंगाळून, कापड न लावता उलटा टांगून सुकविला. दुसरा शिपायाने नेहमीच्या फडक्याने पुसला. दोहोंत एकाच बाटलीतला सोडा ओतला. फडक्याने पुसलेल्या पेल्यात पाच-सहा जागांहून बुडबुड्यांच्या सरळ माळा वर चढू लागल्या. धुतलेल्यात कडेला एखादुसरा चुकार बुडबुडा, बाकी सोडा पाण्यासारखा स्तब्ध. मुले बराच वेळ त्या दोन पेल्यांकडे पाहत उभी राहिली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने सदऱ्याच्या बाहीचा एक धागा उपसला आणि कोणाला न विचारता स्तब्ध पेल्यात सोडला. धागा खाली उतरला, आणि त्याच्या टोकापासून बुडबुड्यांची माळ निघाली.

जुनी चिठ्ठी मी काढलेली नाही. तिच्याखाली मुलांनी दुसरी लावली आहे : 'शॅम्पेनचे पेले, पुढे आइस्क्रीमचे.'